ज्येष्ठांच्या व्याख्यानात गुडघे का नसतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसे तुम्ही काही पहिले नाही. आमच्या साताऱ्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या शुक्रवारच्या व्याख्यानाचा फलक लागला की कुणी ना कुणी हटकून विचारतंच, "काकू, ज्येष्ठांचा कार्यक्रम आणि विषय भूकंप? मधुमेह, गुडघेदुखी, आनंदी वार्धक्य असलं काही ठेवत नाही का तुम्ही?" विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. कुणाचे वडील आमच्याकडे येतात, कुणाला देणगी द्यायची असते. एखादे तर स्वतःच हाडांचे डॉक्टर असतात.

गुडघे आम्हाला ठाऊक आहेत हो. रोज सकाळी जिना उतरताना त्यांचा पाठ होतो. त्यासाठी रिक्षा करून, पदर सावरत, शनिवार पेठेतून चढ चढून यायचं कशाला?

साठी ओलांडली की माणसाला स्वतःच्या साठीखेरीज कशातच रस उरत नाही, असा एक समज पसरलाय. आम्हाला निमंत्रणं येतात त्या कार्यक्रमांच्या नावात संध्याकाळ, सोनेरी किंवा दुसरी इनिंग यांपैकी एक काहीतरी असतंच. आत गेलं की मीठ कमी खा, चाला, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवू नका, मृत्युपत्र करून ठेवा. यात खोटं काही नसतं. पण एकदा ऐकलं की संपलं. आणि अशा व्याख्यानानंतर काय होतं ते मी नीट पाहिलंय. जो तो उठून आपापल्या टाचेचा, आपापल्या साखरेचा प्रश्न विचारतो. बाकीचे कंटाळून चप्पल शोधायला लागतात. शेवटी डॉक्टरांभोवती दवाखान्यासारखी रांग लागते आणि रांगेत कुणी कुणाशी बोलत नाही.

कोयनेच्या भूकंपावरच्या व्याख्यानाचं सांगते, म्हणजे फरक कळेल.

11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. सातारा जिल्ह्यात तेव्हा जो कुणी कळता होता त्याला ही पहाट वेगळी सांगावी लागत नाही. मी बारा-तेरा वर्षांची असेन. दाराची कडी आपोआप वाजायला लागली, आणि चोर आला म्हणून वडील काठी घेऊन उठले, एवढं मला पक्कं आठवतं. त्यानंतर कितीतरी रात्री आमची आळी अंगणात झोपली. कोयनानगर तर भुईसपाट झालं. दीडशेहून जास्त माणसं गेली.

व्याख्यानाला भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. त्यांनी पडद्यावर आधी कोयना धरणाचा शिवसागर जलाशय दाखवला. 1962 च्या सुमारास त्यात पाणी साठायला लागलं आणि पाठोपाठ लहान लहान धक्के सुरू झाले. मोठा धक्का बसला तो नंतर पाच वर्षांनी, सहा रिश्टरच्या वरचा. धरणाने भूकंप घडवला असं सरळ म्हणायचं नाही, हे त्यांनी फार छान उलगडून सांगितलं. खडकात ताण आधीपासूनच होता. वरून पाण्याचं वजन आलं, आणि भेगांतून पाणी खोल मुरत गेलं तसा भेगेच्या दोन बाजूंचा एकमेकींवरचा धरबंध ढिला झाला. पावसाळ्यात धरण भरतं आणि पुढे पाणी उतरतं, त्या चढउताराशी तिथल्या धक्क्यांचं नातं अजूनही दिसतं. धरणाच्या पाण्याशी जोडलेले भूकंप म्हटलं की जगभरचे अभ्यासक कोयनेचं नाव घेतात. कराडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि पाटण तालुक्यात गोठण्याला 3 किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासलाय. 3 किलोमीटर! आमच्यातले निम्मे लोक ते ऐकून पुढे सरसावून बसले.

मग प्रश्न सुरू झाले. पाटणचे एक आजोबा उठले नि म्हणाले, धक्का चांगला पाच मिनिटं चालला होता. प्राध्यापक हसून म्हणाले, जोराचं हलणं काही सेकंदांचंच असतं.

"सर, तुम्ही होता का तिथं?"

"मी तेव्हा दोन वर्षांचा. नागपूरला."

"मग राहू द्या."

सभागृह हसलं, सरही हसले. हेळवाकच्या बाजूला माहेर असलेल्या एक आजी तोवर गप्पच होत्या. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आमच्या चुलीमागच्या भिताडाची समदी भांडी खाली आली. समोरच्या मांडणीवरचा पेला बी हलला न्हाई."

सरांचं हसणं थांबलं. "घराचं तोंड कुणीकडं होतं?"

"उगवतीला."

"आणि चूल?"

आजींनी हवेत बोटाने घर काढून दाखवलं. इथं दार, इथं न्हाणी, इथं चूल. सरांनी खिशातलं पेन काढलं आणि आमच्याच कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर उतरवून घेतलं. मग ते म्हणाले, भूकंप दोन तऱ्हांनी मोजतात. एक यंत्राने, त्याची महत्ता, रिश्टरमध्ये सांगतात ती. दुसरी त्याची तीव्रता, गावोगावची. ती काढायला माणसांनाच विचारावं लागतं. झोपलेले जागे झाले का, टांगलेल्या वस्तू हलल्या का, भांडी पडली का, भिंतीला तडे गेले का. त्यावरून बारा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर गावाची पायरी ठरते. इतक्या वर्षांपूर्वीची आठवण पुरावा म्हणून फार टिकत नाही, हेही त्यांनी स्पष्टच सांगितलं. पण मग कुणाला धीर धरवेना. कोरेगावकडचे, मेढ्याकडचे, कराडचे, प्रत्येकाचं घर, प्रत्येकाची भिंत. एकाचं बोलणं दुसरा खोडतोय, तिसरा जोडतोय. सहाला कुलूप लावायला आलेला पोरगा साडेसहापर्यंत दारात उभा राहून ऐकत होता.

हे गुडघ्यांवर झालं असतं का, तुम्हीच सांगा.

आमचे सगळे वक्ते असे प्राध्यापकच असतात असं नाही. एसटीतून निवृत्त झालेले एक चालक आमचे सभासद आहेत. पसरणीचा, केळघरचा, खंबाटकीचा घाट त्यांनी वर्षानुवर्षं चालवलाय. त्यांना घाटावर बोलायला लावलं. जो घाट ज्या गिअरमध्ये चढायचा तो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे सूत्र त्यांनी खुर्चीवर बसून, हाताने दांडा ओढून दाखवलं. उतारावर गाडी इंजिनाने अडवून धरायची, नुसत्या ब्रेकवर सोडली तर ब्रेक तापतात, आणि तापले की पाय कितीही दाबा, पकड येत नाही. मोटारीत आयुष्यभर मागच्या सीटवर बसलेल्या आमच्या बायकांना हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. आता त्या नातवांना घाटात सूचना देतात. नातवांच्या तक्रारी माझ्यापर्यंत आल्या आहेत.

सभासदानेच सभासदांना शिकवायचं ही काही आमच्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. फ्रान्समध्ये तुलूझच्या विद्यापीठात 1973 साली निवृत्तांसाठी 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' सुरू झालं. पिएर व्हेलास या प्राध्यापकांनी ते काढलं. तिथं शिकवायला विद्यापीठाचेच लोक होते. पुढे 1982 च्या सुमारास ब्रिटनमध्ये तीच कल्पना गेली तेव्हा त्यांनी विद्यापीठ काढून टाकलं आणि नाव तेवढं ठेवलं. परीक्षा नाही, पदवी नाही, ज्याला जे येतं ते त्याने इतरांना शिकवायचं. मला हा ब्रिटिश प्रकार जास्त पटतो. खर्चही कमी.

आणि आपल्याकडे तरी ऐकायची सवय नवी आहे का? न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. वाईत उन्हाळ्यातली व्याख्यानं ऐकायला लोक दाटीवाटीने बसत आलेत. प्रवचन-कीर्तनाचं तर बोलायलाच नको. माझ्या आईला मात्र ऐकण्यापलीकडचं काही मिळालं ते याच जिल्ह्यामुळे. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि नंतर ती राज्यभर गेली. एकेक गाव घ्यायचं, चार-सहा महिन्यांत तिथल्या मोठ्या माणसांना लिहावाचायला शिकवायचं आणि पुढच्या गावाला जायचं. आई तिथे कंदिलाच्या उजेडात अक्षरं शिकली. शिकवणाऱ्यांची अपेक्षा असावी की बाई आता पोथी वाचेल, खताची माहिती वाचेल. आईने आयुष्यभर रहस्यकथा वाचल्या. खुनी कोण हे मधल्या पानावरच ओळखायची, आणि बरोबर असायचं. ती शिकली त्याचा फायदा काय झाला असं कुणी विचारलं असतं तर तिने पुस्तकातून डोकंसुद्धा वर काढलं नसतं.

म्हणून हल्ली कुणी म्हणालं, "छान आहे काकू, मेंदूला व्यायाम होतो," की माझं डोकं जरा फिरतं. म्हणजे कोयना ऐकायची ती पण औषध म्हणून! मेंदूची काळजी मला नाही असं नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 साली स्मृतिभ्रंशाची, ज्यांवर काही करता येईल अशी 14 जोखमीची कारणं सांगितली. त्यांत लहानपणचं कमी शिक्षण आहे, एकटेपणा आहे, आणि कमी ऐकू येणं व कमी दिसणंही आहे. आम्ही त्यातलं ऐकू येणं मनावर घेतलं, कारण ते सभागृहात सुधारता येतं.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. ट्रंक कॉलच्या काळात खरखरीतून माणसाचं बोलणं वेचणं हाच माझा धंदा. वय वाढतं तसे कानातून उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, थ, फ ही त्याच पट्टीतली मंडळी. स्वर खालच्या पट्टीत, ते शाबूत राहतात. त्यामुळे साठ म्हटलं की आठ ऐकू येतं. "आवाज येतो पण कळत नाही," असं आजोबा म्हणतात ते शंभर टक्के खरं असतं, आणि घरचे म्हणतात, "यांना हवं तेवढंच ऐकू येतं." वक्त्याला सांगितलं की तो ओरडायला लागतो. ओरडल्याने स्वरच मोठे होतात, स जिथल्या तिथे. त्यापेक्षा सावकाश बोलायचं, माईक तोंडाजवळ धरायचा, तोंड श्रोत्यांकडे ठेवायचं, कारण ओठ पाहूनही पुष्कळ कळतं. पडद्याकडे वळून बोलणाऱ्या वक्त्याला मी सरळ हात करून थांबवते. आकडा आला की फोडून सांगायचा. छप्पन्न, पाच-सहा. एक्स्चेंजमधली सवय, इथे कामाला आली. पंखे दोनावर. आणि चाळीस मिनिटांनी दहा मिनिटं सुट्टी, त्याचं कारण सांगायची गरज नाही. संडास त्याच मजल्यावर नसेल तर वक्ता कितीही मोठा असो, पुरुषमंडळी अर्ध्यातून गेलेली परत येत नाहीत.

कामाच्या गोष्टी आम्ही अगदीच टाळतो असं नाही. त्या सूचना म्हणून सुरुवातीला उरकतो. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातला माणूस तुम्हाला 'डिजिटल अटक' केली म्हणाला तर फोन ठेवा, अशी अटक कायद्यात नाही, 1930 वर कळवा. हे दर शुक्रवारी एकदा म्हणून टाकायचं, आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीसारखं सगळ्यांना पाठ झालं पाहिजे. दोन मिनिटं पुरतात.

पठारावरच्या फुलांचं व्याख्यान सप्टेंबरच्या आधी ठेवतो, म्हणजे ज्यांना झेपतं ते कासला जाऊन येतात. जांभ्याच्या कातळावर माती जेमतेम, तिच्यात पोषण नाही, म्हणून तिथल्या 'सीतेची आसवं' नावाच्या नाजूक निळ्या-जांभळ्या फुलाचं झाड बारीक जीव पकडून खातं, हे कळल्यावर एक आजी म्हणाल्या, "बघा, दिसायला केवढी गरीब!" त्याच दिवशी गुरांवरून जुंपली. कुंपण घालून चराई थांबवल्यावर गवत माजलं आणि फुलांना जागा उरली नाही, असं काही अभ्यासकही म्हणतात. आमच्यातले ज्यांनी लहानपणी त्या बाजूला गुरं राखली ते तर हिरिरीने म्हणाले. वनस्पतिशास्त्राच्या बाईंना दोन्ही बाजू मांडून सुटका करून घ्यावी लागली.

तेव्हा तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना जरूर आणा. पण त्यांना म्हणावं, प्लेगवर बोला. हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार करून जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली, तिथून सुरू करा. आपल्या जिल्ह्यात त्या साथीने काय केलं, उंदीर पडले की गाव सोडून माळावर झोपड्या बांधून का राहायचे, पिसवेचा त्यात संबंध काय, ते सांगा. आमच्यातल्या पुष्कळांनी आज्यांकडून माळावरच्या गोष्टी ऐकल्या आहेत, डॉक्टरांनाही चार नव्या कळतील. एक तास बोलणं, अर्धा तास प्रश्न, चहा बिनसाखरेचा, आणि मानधन म्हणून कंदी पेढे. गुडघ्यांचं शिबिर घ्यायचंच असेल तर शनिवारी सकाळी ठेवू. मी पहिला नंबर लावते, माझा डावा फार दुखतो.