बंद पंप फिरत होता

सिंहगड रोडवरच्या त्या सोसायटीनं मला बोलावलं ते गच्चीवरच्या सोलरसाठी. अकरा मजली इमारत, शंभरेक फ्लॅट. कॉमन मीटरचं बिल वाढत चाललेलं, त्यात ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं हे सेक्रेटरींना कळलेलं. कोटेशनही आलं होतं. मी एनर्जी ऑडिट करते. क्षमता बरोबर आहे की नाही, एवढंच मी सांगावं अशी कमिटीची अपेक्षा.

मी म्हटलं, गच्ची नंतर, आधी पंपरूम. मंडळींचे चेहरे पडले.

वॉचमनमामांची वही मात्र चोख होती. पंप रोज सहा तास चालत होता. इथेच मला खटकलं. हजार लिटर पाणी ४५ मीटर चढवायला हिशेबानं ०.१२ युनिट लागतं. पंप आणि मोटर मिळून निम्मी वीज वाया घालवतात असं धरलं, तरी पाव युनिट. रोजचं पाणी साठ हजार लिटर, म्हणजे पंधरा युनिट पुरेत. साडेसात एचपीचा पंप सहा तास चालला की चाळीसच्या आसपास जातात. मग वरची पंचवीस कुठे जात होती?

टाकी ओव्हरफ्लो होत नव्हती, पाइपलाइनलाही कुठे गळती नव्हती. पंप चालू ठेवून शोधत होते, तेवढ्यात शेजारच्या स्टँडबाय पंपाकडे लक्ष गेलं. पॅनेलवर तो बंद. पण मोटरच्या मागच्या जाळीतला पंखा गरगर फिरत होता, तोही उलटा.

“मामा, हा फिरतोय कसा?”

“तो असाच फिरतो, मॅडम. वाऱ्यानं फिरत असेल.”

तळघरात कसला वारा! त्या पंपाचा एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकला होता. एक पंप पाणी वर ढकलत होता, आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्या पंपातून उलटं खालच्या टाकीत येत होतं. पाणी शेवटी गच्चीवर पोचायचंच, म्हणून तक्रार कुणाचीच नाही. दुसरा पंप सुरू करायला गेलं की स्टार्टर ट्रिप व्हायचा, म्हणून त्याला कुणी हात लावत नव्हतं. उलट्या फिरणाऱ्या पंपाला सुलट फिरवायला गेल्यावर तो ट्रिप होणारच.

प्लंबरनं व्हॉल्व्ह खोलला. झडपेच्या बिजागरीत सिमेंटचा खडा रुतून बसला होता, बहुधा बांधकामापासूनचा. नवा व्हॉल्व्ह बसला आणि पंपाची वेळ अडीच तासांवर आली.

“मग सोलर नको?” अध्यक्षांनी विचारलं. हवंच, म्हटलं; फक्त महिनाभर थांबा, नव्या बिलावरून साइज ठरवा. नाहीतर अनुदानाच्या विजेवर तेच पाणी गोल गोल फिरवत बसाल. दुसरं कोटेशन मागवलं, ते अर्थातच लहान आलं.

खजिनदारांनी मात्र पंपरूमच्या भिंतीवरचं एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कंत्राटाचं, कार्ड काढून फाइलला लावलं. दर महिन्याच्या रकान्यात ‘दोन्ही पंप ठीक’ आणि खाली सही. कंत्राटाच्या नूतनीकरणाची बैठक पुढच्या रविवारी आहे.