सबकमांड राहिली तर?

आज मार्केट यार्डातल्या गुळाच्या हिशेबाचा पायथन प्रोग्रॅम तपासला. आर्गपार्सवर (कमांड लाइनवर टाइप केलेलं वाचणारी पायथनची लायब्ररी) ‘आवक’ आणि ‘पट्टी’ (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब) या दोन सबकमांड, म्हणजे प्रोग्रॅमच्या नावापुढे टाकायचे कामाचे शब्द. नुसतं प्रोग्रॅमचं नाव टाकलं की थेट ॲट्रिब्यूट एरर, म्हणजे नसलेली गोष्ट मागितल्याची चूक! पायथन ३ मध्ये सबकमांड मुळात ऐच्छिक असते. म्हणून सबकमांड जोडणाऱ्या ॲड_सबपार्सर्समध्ये रिक्वायर्ड=ट्रू लिहाच (३.७ पासून चालतं), सोबत डेस्टही (निवडलेली सबकमांड ज्या नावाखाली साठवायची ते नाव) द्या. जुन्या आवृत्त्यांत डेस्ट नसेल तर सबकमांड राहिल्याचा एरर संदेश दाखवतानाच प्रोग्रॅम कोसळतो.

खरी फसगत वेगळीच. ‘वर्ष’ हा ऑप्शन मुख्य पार्सरवर आणि सबकमांडवर, दोन्हीकडे ठेवला, तर सबकमांडचं डीफॉल्ट (काही न दिल्यास धरलं जाणारं मूल्य) सबकमांडच्या आधी दिलेलं वर्ष गुपचूप पुसून टाकतं. एररही येत नाही, पट्टी मात्र भलत्याच वर्षाची निघते. शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे हो! सबकमांडच्या ऑप्शनला डीफॉल्ट=आर्गपार्स.सप्रेस (म्हणजे वर्ष दिलं नाही तर काहीच लिहू नको) द्या, मग आधीचं वर्ष टिकतं.