मागच्या सीटची बकलं शोधताना

माझी टुरिस्ट गाडी आहे, पिवळ्या पाटीची. स्वतःचा बेल्ट मी पहिल्या दिवसापासून लावतो, पण मागच्यांचं कधी मनावर घेतलं नव्हतं. मग एका भाड्यात मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता म्हणून चलन आलं, ते माझ्यावर. चूक पॅसेंजरची आणि दंड मला, याचा खूप राग आला. मोटार वाहन कायद्याचं कलम 194 बी वाचलं तेव्हा समजलं. बेल्ट न लावता गाडी चालवली काय आणि बेल्ट न लावलेले प्रवासी नेले काय, दंड सारखाच, 1000 रुपये. 14 वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय बसलं तरी तेवढाच.

त्या रात्री बॅटरी घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसलो आणि बेल्ट लावायला गेलो, तर बकलच सापडेना. गाडी घेतली तेव्हा हौसेनं जाड सीट कव्हरं घातली होती. सगळी बकलं त्यांच्याखाली दबून गेली होती. इतकी वर्षं पॅसेंजरनं लावायचं म्हटलं असतं तरी लावणार कशात? फार वाईट वाटलं.

कव्हरं उसवली, बकलं वर काढली. मग एकेक पट्टा तपासला. हळू ओढला की सरसर यायला हवा, झटका दिला की जागच्या जागी अडकायला हवा. डावीकडचा झटक्यालाही सुटत राहिला. शिवाय दारात सापडून सापडून त्याची कड विरली होती. गॅरेजवाला म्हणाला, शिवून देतो. मी नको म्हटलं. गाडी आदळते तेव्हा माणसाचं वजन कित्येक पटींनी त्या पट्ट्यावर येतं, तिथे हातशिलाई टिकणार नाही. अख्खा सेट नवीन टाकला. गाडीला 8 वर्षं होऊन गेल्यामुळे पासिंग, म्हणजे गाडीची फिटनेस तपासणी, आता दरवर्षी असतं. यंदा तेही बिनघोर झालं.

पॅसेंजरना सांगणं जास्त अवघड. आई आणि मांडीवरचं बाळ मिळून एकच बेल्ट लावतात, त्यांना थांबवावंच लागतं, कारण धक्का बसला की आईच्या अंगाचा सगळा भार बाळावर येतो.

परवा एक आजी होत्या. पट्टा त्यांनी नुसता हातात धरला होता. "मागच्याला कशाला रे बाबा?"

म्हटलं, "आजी, गाडी थांबली तरी आपलं अंग थांबत नाही. मागचा माणूस थेट पुढच्याच्या पाठीवर जातो."

पुढे त्यांचा मुलगा बसला होता. त्याच्या पाठीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि विचारलं, "पोटावरून घेऊ का?"

"नाही, खाली, कमरेच्या हाडावरून," म्हणत मी बकल त्यांच्या हाताशी सरकवलं.