२ जीबी रॅमवर ओपनबॉक्स: माझा अनुभव

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी जेमतेम पाऊण तास टिकते. त्यात रॅम २ जीबी. विंडोज चालू होईस्तोवरच बॅटरी उतरायची. मला वावराचा हिशेब ठेवायचा होता, लेकीला मराठीत लिहायचं होतं. म्हणून दिवाळीनंतर डेबियन १२ ही फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकायला बसलो.

नेटसाठी मोबाइल केबलने जोडून टेदरिंग चालू केलं, इन्स्टॉलरने ते लगेच ओळखलं. सॉफ्टवेअर निवडताना डेस्कटॉपच्या नावांपुढच्या सगळ्या टिकच्या खुणा काढल्या. मग काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून झॉर्ग सर्व्हर (पडद्यावर चित्र दाखवणारा), एक्सइनिट (तो चालू करणारा) आणि ओपनबॉक्स (खिडक्या सांभाळणारा हलका प्रोग्राम) एवढंच घेतलं. डेटा वाचावा म्हणून शिफारशीची जादा पॅकेजं नाकारली, आणि तिथंच अडकलो.

पडदा चालू होताना काय उघडायचं ते सांगणाऱ्या 'डॉट एक्सइनिटआरसी' फाइलीत एकच ओळ लिहिली, 'एक्झेक ओपनबॉक्स-सेशन', आणि 'स्टार्टएक्स' मारलं. रिकामा पडदा, त्यावर फक्त माउसचा बाण. लेक म्हणाली, "बाबा, इथं त काहीच दिसून नाही राह्यलं." राइट क्लिक केल्यावर मेनू आला, पण टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, काही उघडेना. उघडणार कसं? मी ते घेतलंच नव्हतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवर गेलो, लॉगिन करून एक्सटर्म हे टर्मिनल घेतलं आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ१ने परत आलो.

खरा वेळ मराठीनं खाल्ला. आधी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. लोहित देवनागरी फॉन्ट घेतल्यावर अक्षरं आली, पण एक्सटर्ममध्ये जोडाक्षरं तुटलेलीच. हा दोष फॉन्टचा नाही, एक्सटर्मला देवनागरीची जुळणी जमत नाही. लिहायला मूसपॅड हा साधा एडिटर घ्या, त्यात सगळं नीट दिसतं. कीबोर्डसाठी ओपनबॉक्सच्या 'ऑटोस्टार्ट' फाइलीत 'सेटएक्सकेबीमॅप' या कीबोर्ड बदलणाऱ्या कमांडची एक ओळ टाकली: इंग्रजी आणि भारतीय असे दोन लेआउट, ऑल्ट-शिफ्टने अदलाबदल. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे या भारतीय लेआउटमध्ये, के, ई, एच, टी, एम अशा पाच कळा दाबल्या की 'कापूस' उमटतो. लेकीनं पहिला शब्द तोच लिहिला.

आता चालू झाल्यावर रॅमचा वापर २०० एमबीच्याही आत असतो. फायरफॉक्स मात्र जडच, त्याला हलकं डेस्कटॉप काय करणार? दोन टॅबच्या वर मी जात नाही. लेकीला पडद्यावर घड्याळ पाहिजे आहे, या रविवारी टिंट२ ही घड्याळ दाखवणारी पट्टी टाकून पाहतो.