तुम्ही विचारलंत म्हणून: ‘शेवटी सगळं अणूच ना?’

घनपदार्थांचं भौतिकशास्त्र करतो म्हटलं की प्रश्न ठरलेला. "शेवटी सगळं अणूच ना? अणू-इलेक्ट्रॉन कसे वागतात त्याचं मूळ समीकरण ठाऊक आहे, मग तुमच्यासाठी उरलं काय?" इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली.

हो, सगळं अणूच. चुंबकत्व लोखंडात वरून कुणी ओतलेलं नाही. आणि हा प्रश्न पूर्वी मीच विचारत फिरायचो, तुमच्याहून जास्त तोऱ्यात.

तोरा उतरला पीएचडीच्या व्हायवात. "तत्त्वतः सगळं समीकरणातून निघतं," मी म्हणालो. परीक्षकांनी खडू पुढे केला. "१९८२ साली जबर चुंबकीय क्षेत्रातल्या, अतिथंड इलेक्ट्रॉनांच्या पातळ थरात हॉल परिणामाची एक-तृतीयांश पायरी दिसली. तिथे विद्युतभार फिरतो तोही इलेक्ट्रॉनच्या एक-तृतीयांश. काढा." (हॉल परिणाम म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडवा उभा राहणारा विद्युतदाब; अशा थरात तो पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो.) मी गतिज ऊर्जा लिहिली, इलेक्ट्रॉनांचं आपसातलं प्रतिसारण लिहिलं, फळा भरला आणि हात थांबला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "यातला कुठला इलेक्ट्रॉन फुटला?"

"एखादा... कमी ऊर्जेचा असेल."

अजून आठवलं की कान तापतात. कुणी हसलंसुद्धा नाही. फुटलेला एकही नसतो; तो तिसरा हिस्सा सगळ्यांच्या मिळून चाललेल्या हालचालीचा असतो. भौतिकशास्त्रज्ञ लाफलिनने १९८३ मध्ये त्या इलेक्ट्रॉनांचं तरंगफलन, म्हणजे सगळ्यांची मिळून अवस्था सांगणारं सूत्र, आधी अंदाजाने लिहिलं, मग समीकरणाशी ताडून पाहिलं, हे मला तोंडपाठ होतं. म्हणजे वाट उलटी होती, एवढंच डोक्यात शिरलं नव्हतं.

त्या रात्री मी स्वतःचीच वकिली केली: ही संगणकाची मर्यादा, निसर्गाची नव्हे. नुसत्या ३०० स्पिनांची (वर किंवा खाली अशा दोनच दिशा असलेल्या इवल्या चुंबकांची) अवस्था लिहायला २ चा ३०० वा घात इतके आकडे लागतात, दृश्य विश्वातल्या अणूंहून जास्त. असेना. मोजक्या इलेक्ट्रॉनांची तंतोतंत आकडेमोड करता येते, आणि ती लाफलिनच्याच बाजूने बोलते. समीकरण खोटं नव्हतंच.

मग हे कसं घ्यायचं? क्रांतिक बिंदूजवळ, म्हणजे द्रव-वाफेतला भेद किंवा चुंबकाचं चुंबकत्व जिथे संपतं तिथे, द्रव-वाफेच्या घनतेतला फरक आणि ज्याचे स्पिन एकाच अक्षावर वर किंवा खाली राहतात अशा चुंबकाचं चुंबकन, दोन्ही त्या बिंदूपासूनच्या तापमानातल्या अंतराच्या सुमारे ०.३२६ या एकाच घातांकाने मिटतात. अणू वेगळे, बलं वेगळी. अणूंनी सांगितलं काय मग? पण तपशील का पुसले जातात, हे भौतिकशास्त्रज्ञ विल्सनने १९७१ मध्ये दाखवलं, तेही तपशिलांपासूनच सुरुवात करून. "बघ, खालूनच निघालं ना!" असं तो जुना मी अजून आतून म्हणतो, आणि त्याला गप्प करणं मला जमलेलं नाही. तुमचं ते ‘उरलं काय’ मात्र अजूनही झोंबतं.