मिठाचा ढीग होतो, पाण्याचा होत नाही

स्थायू, द्रव, वायू ही नावं मुलांकडून पाठ करून घ्यायला एक तास पुरतो. खरी कसरत त्यानंतर सुरू होते. आमच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथी एकत्र बसते, प्रयोगशाळा नाही. म्हणून पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडून मीठ, तांदूळ, तेल मागून घेतलं, सोबत दगड, पाणी आणि फुगा. फळ्यावर व्याख्या लिहिली नाही. ‘यांचे गट करा’, एवढंच सांगितलं.

दगड आणि पाण्याचा निकाल झटक्यात लागला. मिठावर वर्गात दोन तट पडले. “बाई, मीठ ओतता येतं. वाटीत टाकलं की वाटीचा आकार घेतं. मग ते पाण्यासारखंच की!” पुस्तकातली व्याख्या लावली तर पोरीचं म्हणणं खोडता येत नव्हतं. मी भिंग दिलं. एकेक कण सुटा, कोपरे असलेला, नखाने दाबला तरी आकार न सोडणारा. मग एका ताटलीत मीठ ओतलं, दुसरीत पाणी. “पाण्याचा ढीग होत नाही!” चौथीतला एक जण ओरडला. ते मी तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. आकाराच्या व्याख्येपेक्षा मला ते जास्त कामाचं वाटतं.

वायूसाठी औषधाच्या दुकानातून नव्या सिरिंज आणल्या, सुया काढून टाकल्या. आत हवा घ्यायची, टोक बोटाने बंद करायचं आणि दट्ट्या दाबायचा. तो आत जातो, सोडला की मागे येतो. पाणी भरलं की जोर लावूनही हलत नाही. इथे घाई करू नये. तशीही सिरिंज परत द्यायला कुणी तयार नसतं.

पाणी उकळायचं काम माझ्याकडे, मुलं लांब. किटलीच्या तोंडाशी थोडी जागा रिकामी दिसते, पांढरं त्याच्यापुढे. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत असते आणि ती दिसत नाही. पांढरे दिसतात ते गार झालेल्या वाफेचे बारीक थेंब, म्हणजे पुन्हा पाणीच. (हे मुलांना लवकर पटलं. शिक्षकांच्या खोलीत जास्त वेळ लागला.)

दिवस थंडीचे होते, ते पथ्यावर पडलं. खोबरेल तेल साधारण 24-25 अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे बर्फ शोधावा लागला नाही. आई बाटली उन्हात ठेवते, हे सगळ्यांनाच माहीत. “मग तेल कुठल्या गटात?” यावर बराच वाद झाला आणि मुलांनीच तक्त्यावर प्रत्येक गटाच्या नावापुढे ‘आत्ता’ असं लिहिलं.

साबणाचा फेस कुणी दोन गटांच्या मधल्या रेघेवर ठेवला. द्रवात अडकलेली हवा म्हणून मी तो तिथेच राहू दिला. टूथपेस्ट मात्र दप्तरातून बाहेर काढू दिली नाही, ती वरच्या वर्गाच्या सरांसाठी.