आईची दाढ आणि केसपेपरवरचं चित्र
आज आईला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. खालची दाढ आठवडाभर ठणकत होती. गार पाणी लागलं की कळ थेट कानापर्यंत जायची. लवंग दाबून धरून दिवस काढले तिने. 'रूट कॅनाल' ऐकताच माझा हात घट्ट धरला. "काढूनच टाका हो," म्हणाली.

डॉक्टरांनी केसपेपर उलटा केला आणि पेनने दाढेचं चित्र काढलं. वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण भाग. त्याखालचा थर म्हणजे डेंटिन. मधोमध पल्प, म्हणजे नस आणि रक्तवाहिन्या. कीड तिथवर पोचली की ठणका लागतो. "आजी, मुळांच्या आत बारीक नळ्या असतात, तुमच्या या दाढेत बहुधा तीन. त्या साफ करून भरायच्या. दाढ तुमचीच राहते." वर कॅप कशाला? पोखरलेली दाढ चावताना तडकू नये म्हणून.

स्केलिंगचंही, म्हणजे दात साफ करून घेण्याचंही, विचारलं मी. आमच्याकडे सगळे म्हणतात, त्याने दात हलतात. खरं तर साचलेलं टार्टर, म्हणजे दातांवरचं कीटण, दगडासारखं घट्ट होतं, ब्रशने निघत नाही, आणि त्यामुळेच हिरडी दात सोडायला लागते. ते काढलं की आधीच पडलेल्या फटी उघड्या दिसतात, एवढंच.

पाचच मिनिटं लागली असतील समजवायला, पण आई स्वतःहून खुर्चीत जाऊन बसली. मला फार बरं वाटलं.

तो कागद तिने घडी करून पर्समध्ये ठेवला. संध्याकाळी शेजारच्या काकूंना दाखवत होती, "ही बघा, नस इथे असते." गुरुवारी परत बोलावलंय.